श्वार्त्सबेरन म्हणालात तेव्हा

बाबा,

तुम्ही गेल्याचं मला ईराने सांगितलं. समीरचा फोन तिलाच आला. तो ऐकून ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ममा, आजोबा इस्ट गेश्टॉर्बन." तुमच्या नातीला मराठी सगळं समजतं, पण तिचं तोंड जर्मनमध्येच उघडतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या क्षणी मला ते बरंच वाटलं. ती "गेले" म्हणाली असती तर मला खाली बसावं लागलं असतं. मी फक्त कुकरखालची शेगडी बंद केली.

मी तुमची सून, समीरची बायको. आहे म्हणायचं की होते, हे अजून कुणी ठरवलेलं नाही. साताऱ्याला ये असं मला कुणी म्हणालं नाही, मीही विचारलं नाही. इथे ब्राउनश्वाइगच्या मराठी ग्रुपवर मात्र सगळ्यांनी लिहिलं. किती लाघवी माणूस, कुणाच्या मुलाला लगोरी शिकवली, कुणाच्या बाळंतिणीला डिंकाचे लाडू करून नेले. सगळं खरं आहे, त्यातलं एक अक्षरही मला खोडायचं नाही. पण बाबा, तुम्ही मला फसवलंत. फोनवर एकदा हे तुम्हाला म्हटलं होतं. ते भांडण तेव्हा अर्धवट राहिलं.

सासूबाई गेल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तुम्ही तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आलात. समीर रोज वोल्फ्सबुर्गला गाड्यांच्या सॉफ्टवेअरच्या कामाला जायचा, मी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, ईरा शाळेत. तुम्ही दिवसभर बाल्कनीत बसून समोरचं पार्किंग बघायचात. एकदा मी विचारलं, "बाबा, कंटाळा येतो का हो?" तुम्ही म्हणालात, "छे. पांढऱ्या गाड्या जास्त आहेत इथे." तेव्हा मी ठरवलं, यांना कुठेतरी न्यायला हवं.

शनिवारी आपण तिघं हार्ट्सच्या डोंगरात गेलो. तुम्ही, मी आणि ईरा. समीरला काम होतं. त्याला शनिवारी नेहमी काम असायचं आणि मला तेव्हा ते कामच वाटायचं. बाड हार्ट्सबुर्गला ट्रेनमधून उतरून बसने वर गेलो. साल पोखरणाऱ्या किड्याने मारलेली झाडं उतारभर राखाडी खांबांसारखी उभी होती. तुम्ही चुकचुकलात. मग खाली बघितलंत. त्या मेलेल्या झाडांच्या पायाशी ऊन मोकळं पडत होतं आणि गुडघ्याएवढी हिरवी झुडपं सगळा उतार व्यापून होती. पानाआड काळीनिळी, धुरकट सायीची फळं. तुम्ही काठी बाजूला टाकून सरळ गुडघ्यांवर बसलात.

"वृंदा, अगं ही करवंदाची धाकटी बहीण!"

तुम्ही मूठभर तोंडात टाकलीत आणि ईरा किंचाळली, "नाइन, आजोबा! फुक्सबांडवुर्म!"

"काय म्हणते ही?"

मी सांगितलं, कोल्हा यावर घाण करतो, त्यातून पोटात जंत होतात, धुतल्याशिवाय खायचं नाही असं यांना शाळेत शिकवतात.

"कोल्हा स्वतः खातो ना ही?"

"खात असेल."

"मग झालं," म्हणालात आणि दुसरी मूठ टाकलीत. परतीच्या ट्रेनमध्ये तुमचे ओठ, दात, जीभ सगळं जांभळं. समोरच्या बाई हसल्या तर तुम्हीही दात दाखवून हसलात. म्हणालात, "तुझी सासू असती तर दारातूनच परत पाठवलं असतं, तोंड धुऊन या म्हणून."

त्या संध्याकाळी मी डबाभर फळं खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ एलर्सना नेऊन दिली. अकरा वर्षं त्या आमच्या शेजारी होत्या आणि माझं त्यांच्याशी कचऱ्याच्या डब्यांपलीकडे बोलणं झालं नव्हतं. तुम्ही माझ्या मागे जिन्यात उभे होतात. मी म्हटलं, हाइडलबेरन आणल्यात. म्हातारीने डबा उघडला, वास घेतला. "आल्झो, हाइडलबेरन दुकानात मिळतात. या बिकबेरन आहेत." त्या हार्ट्सच्याच खेड्यातल्या. त्यांच्या घरी, त्यांच्या गल्लीत, सगळ्या त्या मुलखात हेच नाव. पुस्तकातलं नाव त्यांनी शाळेत गेल्यावर ऐकलं होतं.

तुम्ही हरखलात. जावळीच्या खोऱ्यातला तुमचा जन्म, उभी हयात पाटबंधारे खात्यात, त्यामुळे साताऱ्यापासून पार कोकणापर्यंतची रानं तुम्ही पायी हिंडलेली. आमच्याकडे एका रानफळाला तोरणं म्हणतात, घाट उतरलं की तीच चुरणं होतात, असं तुम्ही मला सांगितलंत आणि ते मी फ्राऊ एलर्सना जर्मनमध्ये सांगितलं. त्यांनी तुम्हाला आत बोलावलं. तुम्हाला त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना तुमची. तरी तुम्ही तासभर बसलात.

त्यानंतर तुम्ही ट्रेनमध्ये, बसच्या थांब्यावर, अगदी दवाखान्यातसुद्धा लोकांसमोर डबा धरायचात. एक वाक्य माझ्याकडून घोकून घेतलं होतंत, "बिटं, वी हाइस्ट दास बाय इनेन?" तुमच्याकडे याला काय म्हणतात? मला आधी लाज वाटायची. या देशात कुणी अनोळखी माणसाशी असं बोलत नाही. पण लोक बोलायचे, बाबा. ऱ्हाइनकडचा एक जाडा गृहस्थ वाल्डबेरन म्हणाला आणि त्याच्या आजीच्या धिरड्यांची गोष्ट सांगत दोन स्टेशनं पुढे गेला. समुद्राकडच्या एका नर्सने सांगितलं, की लाल, आंबट प्रायझलबेरन त्यांच्याकडे क्रोन्सबेरन होतात, क्रौंच पक्ष्यांच्या बेरी. मी भाषांतर करता करता थकायचे आणि घरी येताना मला वाटायचं, अकरा वर्षांत हा देश मी आज बघितला. हे तुम्ही मला दिलंत. ते मी नाकारत नाही.

तुम्ही म्हणायचात, रानाला कुंपण नसतं पण नावाला शीव असते. नाव ऐकलं की माणूस कुठला ते कळतं.

दुसऱ्या उन्हाळ्यात आपल्याला दलदलीच्या कडेला राउशबेरन सापडल्या. राउश म्हणजे झिंग. खाल्ल्या तर डोकं गरगरतं अशी त्यांची ख्याती. आतून पांढरट, चवीला सपक. तुम्ही मला घड्याळ लावायला सांगितलंत, चार-पाच खाल्ल्यात आणि ओंडक्यावर ताठ बसून राहिलात. ईरा तुमच्या डोळ्यांत वाकून बघत होती. बऱ्याच वेळाने तुम्ही खिन्नपणे म्हणालात, "काही होत नाही गं. या देशात झिंगसुद्धा नियमात." मी इतकी हसले की पोटात कळ आली. बाबा, माझे वडील मी लहान असताना गेले. मोठ्या माणसाबरोबर असं हसता येतं हे मला माहीतच नव्हतं.

म्हणूनच तिसऱ्या उन्हाळ्यात मी तुमच्याजवळ बोलले. माझ्या आईजवळही बोलले नव्हते ते.

आपल्याच उतारावर. ईरा थोडी खाली वेचत होती. मी म्हटलं, "बाबा, समीर माझ्याशी बोलत नाही. घरी असतो पण घरात नसतो. माझं काही चुकतंय का?" आणि मला रडू आलं. तुम्ही हातातली फळं डब्यात टाकलीत, हात धोतराला पुसावा तसा पँटला पुसलात आणि माझ्या डोक्यावर ठेवलात.

"कामाचा ताण असतो पोरी. पुरुषांना बोलता येत नाही. तू जरा सांभाळून घे."

मी सांभाळून घेतलं. तुमच्या शब्दावर घेतलं. त्याच्या आवडीची आमटी केली, प्रश्न विचारणं बंद केलं, रजा टाकून त्याला कुठे जाऊ या का विचारलं. तो "बघू" म्हणाला. पुढच्या आठवड्यात मला कामासाठी तीन दिवस कायझर्सलाउटर्नला जायचं होतं. निघताना तुम्ही दारापर्यंत आलात आणि डब्यात थालीपीठ दिलंत. तुम्ही स्वतः थापलेलं, कडा फाटलेलं.

मी परत आल्यावरच्या शनिवारी आपण पुन्हा वर गेलो. तुम्ही पुढे होतात. एकदम ओरडलात, "ईरा, ये, बघ इकडे! श्वार्त्सबेरन किती!"

मी थांबले. "बाबा, हे नवीन कुठून शिकलात? इथे असं कुणी म्हणत नाही."

"असंच," तुम्ही म्हणालात. "भेटली होती एक बाई. बायर्नकडची."

"कुठे? ट्रेनमध्ये? काय म्हणाली अजून?"

मला खरोखर ऐकायचं होतं. तेवढा माझा जीव त्या खेळात होता. तुम्ही कमरेवर हात ठेवून सरळ झालात, "उसण भरली बघ," म्हणालात आणि पाणी मागितलंत. मी तुम्हाला पाणी दिलं, बाबा. तुमची पाठ चोळली.

तुम्ही साताऱ्याला परत गेलात. ऑक्टोबरात मी फ्रीझरमधली शेवटची पिशवी काढून केक करत होते. ईरा स्टुलावर बसून पिठात फळं टाकत होती. मी म्हटलं, बिकबेरन संपल्या बरं का. ती जर्मनमध्ये म्हणाली, "कारिन यांना श्वार्त्सबेरन म्हणते. आजोबांना ते नाव जास्त आवडलं."

"कोण कारिन?"

"पपाची कारिन. ऑफिसमधली. तू कायझर्सलाउटर्नला होतीस ना, तेव्हा आम्ही सगळे वर गेलो होतो. आजोबांनी तिला आपली जागा दाखवली."

"आपली जागा?"

"गेनाऊ," म्हणजे हो, तीच, असं म्हणाली आणि एक फळ तोंडात टाकलं. तिला कुणी लपवायला सांगितलं नव्हतं. एवढी तरी तिची लाज तुम्ही राखलीत.

समीरने नाकारलं नाही. सोफ्यावर बसला, म्हणाला, सांगणारच होतो. दोन वर्षं चाललं होतं. मी त्याच्यावर आरडाओरडा करायला हवा होता, पण मी विचारलं ते भलतंच. "बाबांना कधी सांगितलंस?" तो म्हणाला, आदल्या दिवाळीत.

आदल्या दिवाळीत. म्हणजे उन्हाळ्याच्या कितीतरी आधी.

मग मी तुम्हाला फोन केला. तुमच्याकडे दुपार होती.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मी तुमच्यासमोर बसून रडत होते तेव्हाही?"

"होतं."

"आणि मला म्हणालात, सांभाळून घे."

"मला वाटलं, उतरेल त्याचं खूळ. मुलगा आहे गं माझा. तुझं घर मोडू नये म्हणून गप्प बसलो मी."

"माझं घर, की तुमचा उन्हाळा?"

तुम्ही खोटं बोलू शकला असतात. माझी अपेक्षाही तीच होती. पण तुम्ही म्हणालात, "दोन्ही."

"तिला वर का नेलंत?"

"समीर म्हणाला, दाखवा. नाही कसं म्हणू?"

"नाही म्हणायचं, बाबा. एवढंच असतं ते."

"मी तिच्याशी बोलणार नव्हतो. तिने आपणहून सांगितलं, त्यांच्याकडे काय म्हणतात ते. तिची आई कशी वेचायची ते. मला बरं वाटलं गं ऐकून."

तिथे मी फोन ठेवला. समीरचं मला एकवेळ समजतं. माणसाचं मन उडतं, दुसरीकडे बसतं. पण मी घरी नसताना, मला थालीपीठ बांधून देऊन, तुम्ही तिच्याबरोबर त्या उतारावर गुडघ्यांवर बसलात आणि तुम्हाला बरं वाटलं. ते दृश्य मी पाहिलेलं नाही तरी मला ते आपल्या सगळ्या शनिवारांपेक्षा स्पष्ट दिसतं.

समीर वोल्फ्सबुर्गला राहायला गेला. हिवाळ्यात नाशिकहून माझ्या आईचा फोन आला. एका लग्नात तुमच्याकडची कुणी बाई तिला म्हणाली होती, तुमच्या मुलीला करिअर पाहिजे होतं ना, म्हणून सोडलं तिने घर. तुमच्या सगळ्या नातेवाइकांत हेच पसरलं होतं. समीरने सांगितलं असेल. पण साताऱ्यात तुम्ही होतात, बाबा. तुमच्यासमोर लोक हे बोलले असतील, चहाचे कप हातात घेऊन. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, की तसं नाही. ज्या सुमनआत्या मला दर संक्रांतीला तिळगूळ पाठवायच्या, तुमच्या सख्ख्या धाकट्या बहीण, त्यांचा दोन वर्षांत फोन नाही.

गेल्या उन्हाळ्यात तुम्ही आलात ते समीरकडे. ईराला पोचवायला तुम्ही एकटे ब्राउनश्वाइगच्या स्टेशनवर आला होतात. वाळला होतात. शर्टाची कॉलर मानेपासून लांब उभी होती. ईराने माझ्या हातात बॅग दिली आणि खाऊ घ्यायला पळाली, आपण दोघं फलाटावर राहिलो.

"वृंदा, येतेस का एकदा वर?" तुम्ही म्हणालात. "क्रोन्सबेरन पिकल्या असतील आता."

"नाही."

"बरं," म्हणालात. तुम्ही आणखी काहीतरी बोलाल म्हणून मी थांबले. खरंच थांबले, ईरा परत येईपर्यंत. तुम्ही उलट दिशेच्या गाडीची पाटी वाचत उभे राहिलात. मग गाडी आली. त्या 'नाही'चा मला पश्चात्ताप होईल असं मैत्रिणी म्हणतात. अजून तरी झालेला नाही. तुम्ही मला फिरायला बोलावलं होतंत, बाबा. मला ते नको होतं.

आणि आता हे शेवटचं. तुम्ही गेल्यावर चार दिवसांनी सुमनआत्यांचा मेसेज आला. तेराव्याला सगळे जमतील, परदेशातले कॉम्प्युटरवरून येतील, कुणीतरी दादाबद्दल दोन शब्द बोलावेत. आणि मग, 'दादा मागच्या महिन्यात म्हणाला होता, माझ्याबद्दल बोलायची वेळ आली तर वृंदा बोलेल.'

तो मेसेज मी प्रयोगशाळेच्या जिन्यात वाचला आणि मला इतका राग आला की मी पुन्हा बाहेर रस्त्यावर गेले. कारण मला लगेच कळलं तुम्हाला काय हवं होतं. तुम्हाला ठाऊक होतं की मी गोड गोड बोलणार नाही. जिवंतपणी तुमच्याच्याने जे बोलवलं नाही, ते तुम्ही माझ्यावर टाकून गेलात. तुमच्या फोटोसमोर, तुमच्या माणसांत, तुमच्याविरुद्ध मीच बोलायचं. हीसुद्धा फसवणूकच. कदाचित सगळ्यांत मोठी.

तेराव्याच्या दिवशी मी ईराला फ्राऊ एलर्सकडे पाठवलं आणि स्क्रीनसमोर बसले. तुमचा हॉल दिसत होता. हार घातलेला फोटो, सतरंजी, भिंतीला टेकून बसलेली माणसं. फोटोशेजारी समीर, मुंडण केलेला. दोन वर्षांत पहिल्यांदा मला त्याची दया आली. आत्या म्हणाल्या, "बोल वृंदा."

मी फुक्सबांडवुर्मची गोष्ट सांगितली. लोक हसले. राउशबेरनची सांगितली, तेव्हा तुमचे ऑफिसातले एक जुने मित्र डोळे पुसायला लागले. मी तिथेच थांबू शकले असते. सगळे म्हणाले असते, किती छान बोलली, शेवटी मनाने मोठी आहे.

मी म्हटलं, "बाबांवर माझा फार जीव होता, म्हणून खरं सांगते. मी नोकरीसाठी घर सोडलं नाही. समीरचं दुसरीकडे जमलं होतं. बाबांना ते वर्षभर आधी माहीत होतं. मला नव्हतं. मी त्यांच्याजवळ रडले तेव्हाही त्यांनी मला सांगितलं नाही, आणि नंतर तुम्हालाही सांगितलं नाही. मीच बोलावं असं ते म्हणून गेले, त्यामुळे मी बोलले."

कुठेतरी भांडं पडल्याचा आवाज आला. समीर उठला, तुमच्या फोटोकडे पाठ करून बाहेर गेला. आत्या नुसत्या माझ्याकडे, म्हणजे स्क्रीनकडे, बघत होत्या. मी नमस्कार केला आणि बंद केलं. मला हलकं वाटेल अशी माझी समजूत होती. तसं काही झालं नाही. मी खाली जाऊन ईराला घेऊन आले आणि आम्ही वरणभात खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यांचा फोन आला. त्या आधीच रडत होत्या.

"दादा असा वागला? आमच्या दादाने असं केलं?"

"हो, आत्या."

"मला एकदा तुला विचारावंसंही वाटलं नाही गं. आम्ही काय काय बोललो तुझ्याबद्दल. मी... दादाच्या वतीने मी तुझी माफी मागते, बाळा."

त्या मनापासून म्हणत होत्या. सत्तरी ओलांडलेली बाई फोनवर हुंदके देत होती, आणि हो म्हणणं किती सोपं होतं.

"आत्या, तुमची स्वतःची मागा, ती मी घेते," मी म्हटलं. "त्यांची तुम्ही नका मागू. ती त्यांनीच मागायची होती. ते ती बरोबर घेऊन गेले."